गुरुवारची स्वयंपाकीण

आमच्या ला पास शहरात बाईकडे बघताना लोक आधी तोंड बघत नाहीत, आधी घेर बघतात. चुण्याचुण्यांचा पायघोळ घागरा, म्हणजे पोयेरा, खांद्यावर झालरीची शाल, पाठीवर दोन वेण्या आणि डोक्यावर गोल टोपी असली की ती पोयेरावाली. ती बाजारात बसत असणार, नाहीतर कुणाच्या तरी स्वयंपाकघरात राबत असणार, हे धरूनच चालायचं. गुडघ्याखाली संपणारा फ्रॉक, मोजे आणि टाचेचे बूट असले की ती फ्रॉकवाली, म्हणजे सेन्योरिता. अध्येमध्ये काही नाही. दोघींचे नाक-डोळे एकाच साच्यातले असले तरी तिकडं कुणाचं लक्ष जात नाही. नजर तोंडापर्यंत पोचायच्या आत निकाल लागलेला असतो.

ओर्तेन्सिया सालिनास फ्रॉकवाली होती आणि तिची आई साबिना पोयेरावाली. एवढीच तिच्या आयुष्याची अडचण. वरवर पाहिलं तर अगदी हसण्यासारखी.

साबिनाचं बाजारात लोकरी कापडाचं दुकान होतं. नवरा ट्राम चालवायचा. चाकोच्या कोरड्या रानातल्या लढाईत गेला तो तिकडंच राहिला. गोळी लागून नव्हे, पाण्यावाचून. पोरगी तेव्हा आठ वर्षांची होती. बाजारातल्या बायकांच्या मुलींना त्या वयात पहिला पोयेरा शिवतात. साबिनाच्या हाताशी शहरातलं सगळ्यात चांगलं कापड होतं, पण तिनं पोरीला पोयेरा शिवला नाही. फ्रॉक शिवला आणि तिला ख्रिस्ती जोगिणींच्या शाळेत नेऊन घातलं. शेजारच्या दुकानवाल्या चिडवायच्या, "काय गं साबिना, मडमिणीची आई होणार का तू? उद्या ती तुला ओळख तरी देईल का?"

"न देईना," साबिना म्हणायची. "पण तिच्या पाठीवर कुणी गाठोडं तर लादणार नाही."

टायपिंग शिकून ओर्तेन्सिया एका आयातदार पेढीत लागली. खिळे, कुलपं, शिवणयंत्रं असला माल समुद्रापलीकडून यायचा आणि त्याची पत्रं दुसऱ्या मजल्यावर टाइप व्हायची. ही दुसऱ्या महायुद्धानंतरची गोष्ट, म्हणजे सत्तेचाळीस सालची. ती दिसायला बरी होती, बोलायला कमी होती आणि आडनाव वडिलांचं, स्पॅनिश होतं. ती कुठली, कुणाची, हे कुणी विचारलं नाही. ते त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं, आणि ठरवलं ते साल्तेन्यावरून.

सकाळी साडेदहाच्या सुमाराला आमच्याकडं कुठल्याही कचेरीत काम होत नाही. त्या वेळी साल्तेन्या खातात. साल्तेन्या म्हणजे जवळजवळ करंजीच, पण आत मटणाचा वाहता रस्सा. उभ्यानं, हातात धरून खायची, टोक चावून आधी रस्सा ओढायचा आणि मग हळूहळू खाली जायचं. ज्याच्या हातावर, कपड्यावर ओघळ आला तो कच्चा, त्याची त्या दिवशी टर उडवायची. घरचं वळण साल्तेन्यात कळतं असं लोक मानतात. ओर्तेन्सियानं पहिल्या दिवशी दोन खाल्ल्या आणि थेंब सांडला नाही. कारकुनांनी एकमेकांकडं पाहिलं. मोठ्या घरची दिसते, दिवस फिरले असतील, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

खरी गोष्ट अशी की ती खायला शिकली होती बाजारात, आईच्या दुकानात, मांडीखाली महागडं कापड ठेवून. तिथं थेंब सांडला असता तर साबिनानं हात मोडला असता.

जकातीचे कागद बघणारा अदालबेर्तो उरिओस्ते रोज सांडायचा. तो खरोखरच मोठ्या घरचा होता. सोपोकाचीच्या उच्चभ्रू वस्तीत त्यांचं दुमजली घर होतं, त्यात वडिलांची तसबीर होती आणि विकून टाकलेल्या पियानोची भिंतीवर उमटलेली चौकोनी खूण होती. सदऱ्याचे कफ झिजले की आई ते उलटे करून शिवून द्यायची. टायवरचा रस्सा रुमालानं टिपत तो ओर्तेन्सियाला म्हणाला, "सेन्योरिता, हे कुठं शिकलात तुम्ही?"

"घरी," ती म्हणाली.

तेव्हापासून तो तिच्या टेबलाकडं काही ना काही निमित्त काढून यायला लागला. एकच पत्र तीनदा टाइप करायला द्यायचा. बाकीचे मिशीत हसायचे. तिलाही तो आवडला होता, आणि आवडला तेव्हाच ती घाबरली.

दुपारी दोन तास कचेरी बंद असायची, लोक घरी जेवायला जायचे. ओर्तेन्सियाचं घर लांब, वर चढावर होतं, म्हणून साबिना डबा आणून खाली दरवानाकडं ठेवायची. एकदा दरवान आजारी पडला. साबिना वाट बघून बघून शेवटी, कचेरी बंद व्हायच्या जरा आधीच, जिना चढून वर आली आणि डबा घेऊन दारात उभी राहिली. दाराजवळ अदालबेर्तोचं टेबल होतं. तो उठला, आत वळून म्हणाला, "सेन्योरिता सालिनास, तुमच्याकडची स्वयंपाकीण आलीय वाटतं."

त्याच्या मनात काही वाकडं नव्हतं. पोयेरावाली डबा घेऊन आली म्हणजे ती स्वयंपाकीणच. ला पासमध्ये कुणीही हेच म्हटलं असतं.

सगळे बघत होते. ओर्तेन्सियाच्या तोंडून निघालं, "हो. ठेव तिथं, साबिना."

"बरं, सेन्योरिता," साबिना म्हणाली. डबा ठेवला आणि मागच्या पावली निघून गेली.

मायलेकींनी तालीम केल्यासारखं ते दोन वाक्यांत उरकलं. ओर्तेन्सिया जागेवर बसली. आता लाज वाटेल, आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. काहीच आलं नाही. तिनं डबा उघडला, शेंगदाण्याचं सूप प्यायली, ते गरम होतं की गार तेही तिला कळलं नाही. दुपारी नेहमीपेक्षा कमी चुका करून तिनं पत्रं टाइप केली.

संध्याकाळी घरी गेली तर साबिना कापडाचे तागे गुंडाळत होती. ओर्तेन्सिया दारातच म्हणाली, "आई, मी आज..."

"पोरगा बरा दिसतो," साबिना म्हणाली. "नखं स्वच्छ आहेत त्याची. मला बघून उठून उभा राहिला."

"तो कसा आहे हे नाही विचारत मी."

"त्यानं विचारलं, तू उत्तर दिलंस. झालं ते झालं. सूप गार झालं होतं का गं?"

"नाही," ओर्तेन्सिया म्हणाली. "उद्या सांगते मी त्याला."

"सांग. सवडीनं सांग."

तो उद्या काही आला नाही. एका रविवारी अदालबेर्तो तिला सिनेमाला घेऊन गेला. ब्वेनोस आयरेसहून आलेला विनोदी बोलपट होता. कचेरीतला एक कारकून म्हणजे खरं तर मालकाचा मुलगा असतो, टायपिस्ट मुलगी उसना कोट घालून श्रीमंत असल्याचं भासवत असते, आणि शेवटी सगळं उघडं पडलं की सगळे पोट धरून हसतात आणि लग्न लागतं. थिएटर हसून हसून लोळत होतं. बाहेर पडल्यावर अदालबेर्तो म्हणाला, "मजा आली, नाही? पण खरं कळल्यावर एवढं हसू कसं येतं त्यांना? मला तर राग आला असता."

"कशाचा?"

"माझ्यावर भरवसा ठेवला नाही म्हणून."

सांगायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. ओर्तेन्सिया हातातलं तिकीट चुरगाळत राहिली आणि थंडी पडलीय, घरी जाऊ या म्हणाली. आता पुढचं सगळं आपोआप घडणार हे तिला तेव्हाच कळून चुकलं, आणि कळूनही ती काही करू शकली नाही. तिचं शरीर चाललं होतं, बोलत होतं. आत कुणीतरी दिवा मालवून गेलं होतं.

मागणी घालायला मुलाकडची माणसं मुलीच्या घरी येतात. कुठल्या घरी बोलवायचं? साबिनानंच तोड काढली. ओर्तेन्सियाच्या बाप्तिस्म्याला एर्मेलिंदा नावाच्या औषधवाल्याच्या विधवेला मानलेली आई केलं होतं. आमच्याकडं मानलेली आई नेहमी वरच्या घरातली बघतात, वेळेला उपयोगी पडावी म्हणून. ती वेळ आता आली. साबिना तिच्याकडं गेली, दिवाणखाना एका दुपारपुरता मागितला, वाइन आणि केक स्वतः आणला. लहानपणीच आईबाप गेल्यामुळं पोरगी मावशीकडं वाढली, असं सांगायचं ठरलं. एर्मेलिंदा मावशी झाली. आणि ट्रे फिरवायला साबिना.

"तू नको येऊस," ओर्तेन्सिया आदल्या दिवशी म्हणाली. "तुला ते बघवणार नाही."

"अगं, तुझ्या मागणीला मी घरी बसू?" साबिना म्हणाली. "ट्रे घेऊन का होईना, मी तिथं असणार. तुला नको असेल तर सांग, सगळं मोडून टाकू. मी त्या बाईसमोर उभी राहते आणि सांगते, ही माझी पोर."

"नको."

"मग झालं तर."

सेन्योरा उरिओस्ते म्हणजे अदालबेर्तोची आई. ती खुर्चीच्या टोकावर बसली, चहूकडं नजर फिरवली, केकचा तुकडा जिभेवर ठेवला आणि ट्रे धरून उभ्या असलेल्या साबिनाकडं वर न बघता विचारलं, "हा हिनं केला?"

"हो, साबिनाच करते सगळं," एर्मेलिंदा म्हणाली. तिच्या कपाळावर घाम आला होता.

"हात चांगला आहे. मुलीबरोबर देणार ना हिला? आमच्याकडची म्हातारी झालीय."

पूर्वी घरचं माणूस लेकीबरोबर सासरी पाठवायची पद्धत होती, त्यामुळं मागण्यात काही गैर नव्हतं. एर्मेलिंदानं साबिनाकडं पाहिलं. साबिना ट्रे हातात धरून म्हणाली, "रोज नाही जमायचं मला, सेन्योरा. गुरुवारी येईन."

"गुरुवारीच का?"

"बाकी दिवस माझी दुसरी घरं आहेत."

ओर्तेन्सिया सोफ्यावर हात मांडीवर ठेवून बसली होती. आपली आई आपल्याला भेटायचा वार ठरवून घेतेय हे तिला समजत होतं. तिनं खाली बघितलं.

लग्नात साबिना देवळाच्या मागच्या बाजूला, मोलकरणींच्या घोळक्यात उभी राहिली. नवरा-नवरी बाहेर आली तेव्हा बाकीच्या पोयेरावाल्यांसारखी तिनंही रंगीत कागदांचे तुकडे मूठभर उधळले. ओर्तेन्सियाच्या केसांत, खांद्यांवर ते अडकले. कुणी टाकले हे तिनं वळून पाहिलं नाही.

त्यानंतर साबिनानं जुन्या बाजारातलं दुकान विकलं. कुणी ओळखीची तिला लेकीच्या घराजवळ पाहून "काय गं, लेकीकडं का?" असं मोठ्यानं ओरडू नये म्हणून. वर पठारावर, जिथं तिला कुणी ओळखत नव्हतं तिथं तिनं मातीचं घर घेतलं आणि लहानसं दुकान टाकलं. गुरुवारी सकाळी ती खाली उतरायची, उरिओस्तेंच्या मागच्या दारानं स्वयंपाकघरात शिरायची आणि संध्याकाळी भांडी घासून जायची. सेन्योरा उरिओस्ते तिच्यावर खूश होती, म्हणजे दिवसातून चार वेळाच ओरडायची. ओर्तेन्सिया "साबिना, मीठ कमी आहे" असं म्हणायला शिकली. शिकली म्हणजे काय, जीभ वळली. अदालबेर्तो तेवढा तिला मानानं डोन्या साबिना म्हणायचा. त्याची आई नाक मुरडायची, "लाडावून ठेवशील."

ओर्तेन्सियाला मुलगी झाली, एल्विरा. तीन वर्षांची असताना एका गुरुवारी पोरगी स्वयंपाकघरातून नाचत बाहेर आली. केसांच्या दोन घट्ट वेण्या, टोकाला लोकरीचे काळे गोंडे. सेन्योरा उरिओस्तेनं कपाळाला हात लावला. "पोरीला पोयेरावाली चोला करून टाकली या बाईनं. सोडा ते आधी." ओर्तेन्सियानं मुलीला पायांशी बसवलं आणि वेण्या सोडल्या. साबिना दारात उभी राहून बघत होती. गोंडे सोडताना ओर्तेन्सियाला आठवत होतं की हा पीळ आपल्याही केसांना असाच बसायचा. आठवलं, पण त्या आठवणीला काही चव नव्हती. तिनं गोंडे उचलून साबिनाच्या हातात दिले.

बावन्नच्या एप्रिलमध्ये क्रांती झाली. खाणकामगार डोंगरावरून उतरले, गल्लोगल्ली गोळ्या सुटत होत्या, लोक गाद्या खिडक्यांना लावून आत बसले होते. त्यात गुरुवार आला. दुपारी मागचं दार वाजलं. ओर्तेन्सियानं उघडलं तर साबिना. चिखलानं पोयेरा भरलेला, शालीत गुंडाळलेले पाव छातीशी धरलेले.

"आज कशाला आलीस?" ओर्तेन्सिया म्हणाली.

"गुरुवार ना आज. आणि पाव मिळत नसेल तुम्हाला."

आतून सेन्योरा उरिओस्तेचा आवाज आला, "आली का? उशीर झाला तिला."

अदालबेर्तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला होता. त्यानं आधी साबिनाकडं पाहिलं, मग बायकोकडं, आणि तो तिथंच थांबला. ओर्तेन्सियाला वाटलं, आता बोलावं. आई मेली असती वाटेत. आता म्हणावं की ही माझी आई आहे. तिच्या तोंडून निघालं, "कांदे कापायचेत अजून."

"डोन्या साबिना, आधी बसा," अदालबेर्तो म्हणाला आणि त्यानं स्वतः खुर्ची ओढून दिली.

राज्य उलटलं, खाणी सरकारजमा झाल्या, पोयेरावाल्यांना मताचा हक्क मिळाला. साबिनानं शाईचं बोट मोठ्या कौतुकानं सगळ्यांना दाखवलं. उरिओस्तेंच्या घरात मात्र मागचं दार ते मागचंच राहिलं.

पुढं सेन्योरा उरिओस्ते वारली. आता भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. ओर्तेन्सियाला हे दिसत होतं. पण आता खरं सांगायचं तर इतकी वर्षं का नाही सांगितलं तेही सांगावं लागलं असतं. रोज उठायचं, पोरीची शाळा बघायची, गुरुवारी मागचं दार उघडायचं. दातांच्या डॉक्टरानं बधिर करायची सुई टोचल्यावर गाल आपला वाटत नाही, तसं तिचं मन तिला आपलं वाटेनासं झालं होतं, आणि त्याची तिला सवय झाली होती. लोक तिला शांत स्वभावाची म्हणायचे.

लग्नाला सतरा वर्षं झाली असताना एका गुरुवारी साबिना आली नाही. ओर्तेन्सियानं दुपारपर्यंत वाट पाहिली आणि मग स्वतः बटाटे सोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी एक अनोळखी पोयेरावाली उभी होती. डोक्यावरची टोपी तिनं हातात घेतली होती.

"मी पास्कुआला, साबिनाबाईंची शेजारीण," ती म्हणाली. "बाई बुधवारी रात्री गेल्या. झोपेतच. त्या गुरुवारी तुमच्याकडं यायच्या ना, म्हटलं वाट बघत असाल, सांगावं. आज दुपारनंतर मातीला नेणार."

"बरं झालं सांगितलंत," ओर्तेन्सिया म्हणाली. घर कुठं आहे ते तिनं नीट विचारून घेतलं, कारण ती तिथं कधी गेलीच नव्हती. दार लावलं. मग ती झोपायच्या खोलीत गेली. अदालबेर्तो कचेरीला निघायच्या तयारीत होता.

"साबिना गेली," ती म्हणाली. "मी जाऊन येते. एवढी वर्षं कामाला होती, जायला हवं."

अदालबेर्तो पलंगावर बसला. मग त्यानं अंगातला करडा कोट काढला, कपाटातून वडिलांच्या आणि आईच्या मातीला घातलेला काळा सूट काढला, काळा टाय बांधला आणि काळी फीत बाहीला लावायला बायकोपुढं हात धरला. आमच्याकडं कुणासाठी किती काळं घालायचं हे ठरलेलं आहे. कामवालीसाठी फार तर टाय.

"हे काय?" ओर्तेन्सिया म्हणाली.

"सासूसाठी एवढं घालतात."

ती फीत हातात घेऊन उभी राहिली. "कधीपासून?"

"डबा घेऊन वर आली त्याच आठवड्यात. कुठली स्वयंपाकीण कानात तसली सोन्याची कर्णफुलं घालते? आणि तोंड तर तुझंच. मी माझ्याच मूर्खपणावर हसलो. मग म्हटलं, तू सांगशील. सिनेमा झाला तरी सांगितलं नाहीस. तेव्हा मी बाजारात विचारत विचारत तिच्या दुकानात गेलो."

"आईच्या?"

"मागणी घालायला. बाटली घेऊन गेलो होतो, रीतीप्रमाणं. तिनं मला खालच्या पाटावर बसवलं आणि दोन गिऱ्हाइकं होईस्तोवर ढुंकून पाहिलं नाही. नंतर विचारलं, 'काय दाखवू, साहेब?' मी म्हटलं, 'मुलगी हवीय तुमची.' इतकी हसली ती. म्हणाली, 'देते. पण एक शब्द द्यायचा. तुला ठाऊक आहे हे तिला कळू द्यायचं नाही. तू आधी बोललास तर ती जन्मभर तुझ्यापुढं मान खाली घालून राहील. तिचं तिला सांगू दे.'"

ओर्तेन्सियानं फीत त्याच्या बाहीला लावली. टाचणी नीट बसेना. "आणि तू सतरा वर्षं गप्प बसलास."

"बसलो. शब्द दिला होता. आणि आई होती तोवर मलाही ते सोयीचं होतं, खोटं कशाला बोलू." त्यानं तिच्याकडं न बघता कॉलर सारखी केली. "दर गुरुवारी जाताना ती माझ्याकडं बघायची. मी मान हलवायचो, अजून नाही म्हणून. मग म्हणायची, 'बरं, साहेब, पुढच्या गुरुवारी.'"

ओर्तेन्सियाला वाटलं, आता आपल्या आत काहीतरी फुटणार. तिनं पलंगाचा खांब धरला. काही फुटलं नाही. तिनं काळे हातमोजे शोधले, डोक्यावर काळी जाळी घेतली, एल्विराला घरी थांबायला सांगितलं आणि दोघं निघाली.

पठारावरचं घर एका खोलीचं होतं, पुढं अंगण. अंगणात शेजारणी सूप ढवळत होत्या. आत पेटी ठेवलेली, चार मेणबत्त्या, जमिनीवर मेंढीच्या कातड्यांवर बायका बसलेल्या, कोकाची पानं चघळत. पेटीच्या डोक्याशी एक कातडं मोकळं होतं. पास्कुआला लगबगीनं पुढं आली. "आलात, सेन्योरा? साहेबही आले. अगं, खुर्च्या आणा गं. या गुरुवारच्या घरच्या बाई."

बायका हळहळत बाजूला सरकल्या. कुणीतरी दाराशी दोन खुर्च्या मांडल्या, शालीच्या टोकानं पुसल्या. घरात तेवढ्याच होत्या. ओर्तेन्सिया बसली नाही.

"मी तिची मुलगी आहे," ती म्हणाली.

इतकी वर्षं जे वाक्य घशातून वर आलं नव्हतं ते एवढं सोपं होतं. आवाज कापलाही नाही. पास्कुआलानं तिच्या फ्रॉककडं, हातमोज्यांकडं, टाचेच्या बुटांकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले.

"किती मोठं मन तुमचं, सेन्योरा," ती म्हणाली. "बाई सांगायच्याच, मला घरच्यासारखं वागवतात म्हणून. ऐकलंत का गं? मुलीसारखीच आहे म्हणतात."

"खरं आहे ते," अदालबेर्तो म्हणाला. "त्या माझ्या सासूबाई."

"देव भलं करो तुमचं, साहेब," पास्कुआला म्हणाली. बाकीच्यांनीही माना हलवल्या. एवढ्या मोठ्या माणसांनी कामवालीचा एवढा मान ठेवलेला त्यांनी पाहिला नव्हता. एक म्हातारी तर ओर्तेन्सियाच्या हाताचं चुंबन घ्यायला पुढं आली. ओर्तेन्सियानं हात मागं ओढून घेतला.

ती बायकांच्या मधून वाट काढत पेटीपर्यंत गेली. साबिनाला तिचा चांगला पोयेरा नेसवला होता, वेण्या पुढं घेतल्या होत्या. तोंड बंद होतं. ओर्तेन्सिया बघत राहिली, आणि तेव्हा तिला कळलं की आपल्याला दुखतंय, केव्हापासून तरी दुखतंय. तिनं हातमोजे काढले. डोक्याशी मोकळ्या असलेल्या कातड्यावर ती फ्रॉक सावरत खाली बसली.

बायकांत कुजबुज झाली. पास्कुआला वाकली आणि तिच्या खांद्याला हलकेच हात लावून, दुखवायचं नाही अशा आवाजात म्हणाली, "सेन्योरा, तिथं नका बसू. ती जागा लेकीसाठी ठेवलीय. बाईंची मुलगी लांब असते. एक ना एक दिवस येईल म्हणायच्या."

ओर्तेन्सिया उठली नाही.